औषध चालू, तरी गुण नाही: आजाराची सामाजिक कारणं आणि सिस्टरच्या हातातली कामं

क्षयाच्या रुग्णानं दोन महिने नेमानं गोळ्या घेतल्या आणि तरी वजनाचा काटा ४२ किलोवरून हलला नाही, तर कारण बहुतेक वेळा घरात सापडतं. खाणारी तोंडं सहा, रेशनचा तांदूळ तीन आठवड्यांत संपतो, डाळ बाजाराच्या दिवसापुरती आणि कमावता माणूसच आजारी. गर्भवतीचं हिमोग्लोबिन ८ वर अडकलेलं असतं, कारण लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं आणि सकाळी सातला तर शेतावर पोचायचं असतं. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम पुन्हा चिघळते, कारण एका ड्रेसिंगसाठी एसटीचं भाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या आयोगानं २००८ साली आपला अहवाल दिला. सर मायकेल मार्मट त्याचे अध्यक्ष होते. माणूस ज्या परिस्थितीत जन्मतो, वाढतो, राबतो आणि म्हातारा होतो, तीच त्याच्या आरोग्याचं बरंचसं ठरवते, असं त्यात मांडलं होतं. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला आणि वॉर्डातल्या सिस्टरला हे अहवालाशिवायही माहीत असतं. अडचण पुढे येते: माहीत असून करायचं काय? गरिबी, दुष्काळ, हुंडा, मुकादमाची उचल (आधीच घेतलेली मजुरी) यांतलं काहीच एका परिचारिकेच्या हातात नसतं.

हातात असते ती तिची रोजची कामाची पद्धत. ताप बघायचा, लिहायचा, उपाय करायचा आणि चार तासांनी पुन्हा बघायचा. हीच पद्धत रेशन, मजुरी, प्रवास आणि बँक खात्याला लावली, तर या कारणांपैकी बरीच हलवता येतात. मात्र चारही पायऱ्या हव्यात. आपल्याकडे बहुधा पहिली पायरी होते, दुसरी अर्धी होते आणि चौथी राहूनच जाते.

विचारायचं कसं, लिहायचं कसं

‘घरची परिस्थिती कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हेच उत्तर येतं. लाज असते, मागे रांग उभी असते, शेजारी सासू बसलेली असते. म्हणून प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात किंवा वस्तूत देता येईल. घरात जेवणारी माणसं किती? रेशन कार्ड पिवळं की केशरी, आणि त्यावर तुमचं नाव चढलंय का? (लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डावर आलेलं नसतं, हे फार ठिकाणी सापडतं.) काल रात्री काय शिजलं होतं? गेल्या महिन्यात कधी जेवण कमी पडलं का, आणि पडलं तेव्हा कोण कमी जेवलं? इथे यायला आज किती खर्च आला, मजुरी किती बुडली? पाणी कुठून आणता, संडास आहे का, चूल आहे की गॅस?

हे सगळं एका दमात विचारायचं नाही. बीपीचा पट्टा बांधताना दोन प्रश्न, वजन घेताना एक, गोळ्या देताना एक. दोन भेटींत चित्र उभं राहतं. प्रश्न का विचारतोय हेही सांगावं: ‘हे कळलं तर गोळ्यांची वेळ आणि पुढची तारीख तुमच्या सोयीनं ठरवता येईल.’ कारण न सांगता कार्डाचा रंग विचारला, की चौकशी चालली आहे असं माणसाला वाटतं आणि तो मिटतो.

मग नोंद. केस पेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहायची सवय मोडायला हवी. त्या वाक्यातून पुढच्या पाळीतल्या सिस्टरला काहीच कळत नाही आणि सगळा दोष मात्र रुग्णाच्या माथी बसतो. त्याऐवजी असं लिहा: ‘१२ दिवसांचे डोस चुकले. गुऱ्हाळावर रात्रपाळी, गोळ्या घरी राहतात. डबीत सात दिवसांच्या गोळ्या भरून सोबत दिल्या. आशाताई सोमवारी भेटणार.’ एवढ्या ओळींत कारण, उपाय, जबाबदार माणूस आणि दिवस हे चारही येतात.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. ज्या उत्तरावर आपण काहीच करू शकत नाही, असा प्रश्न विचारू नये. भुकेबद्दल विचारायचं, ऐकून हळहळायचं आणि ‘सकस आहार घ्या’ म्हणून पाठवून द्यायचं, यानं विश्वास उडतो. म्हणून प्रश्नांच्या आधी वही तयार हवी. तिच्यात आपल्या हद्दीतले नंबर असावेत: प्रत्येक वाडीची आशाताई आणि अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार, तहसील कार्यालयातला पुरवठा विभाग, तलाठी, ग्रामसेवक, आपले सरकार केंद्र, बँकमित्र, तालुक्याचे क्षयरोग उपचार पर्यवेक्षक, जवळच्या मोठ्या रुग्णालयातले आरोग्यमित्र (सरकारी उपचार योजनेची नोंद करून देणारे) आणि समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकासचे संरक्षण अधिकारी. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गर्भवती व बाळंतिणीच्या वाहनासाठी १०२. नंबराशेजारी तो माणूस कोणत्या वारी जागेवर भेटतो आणि कोणते कागद मागतो, हेही लिहावं. ‘तहसीलला जाऊन या’ एवढंच सांगितलं, की रुग्ण एक दिवसाची मजुरी बुडवून जातो, साहेब दौऱ्यावर असतात आणि तो पुन्हा फिरकत नाही.

क्षय: पोटातली भूक आणि खात्यातले पैसे

खाण्यानं क्षयात किती फरक पडतो, याचं भक्कम उत्तर आता आपल्याच देशातून मिळालेलं आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्णांच्या घरातली १० हजारांवर माणसं त्यात होती. सगळ्याच रुग्णांना दरमहा शिधा मिळाला. निम्म्या भागातल्या कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या मिळाल्या, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं. त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्णांमध्येही असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

यातून सिस्टरच्या कामाला दोन गोष्टी मिळतात. पहिली, वजन हे क्षयात बीपीइतकंच महत्त्वाचं आहे. एकच काटा, चप्पल काढून, दर महिन्याला. ४२ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे २.१ किलो, म्हणून दोन महिन्यांनी ४४ दिसले पाहिजेत. हा आकडा पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून रुग्णाला सांगून टाकावा. महिन्याभरात काटा हलला नाही, तर दुसऱ्या महिन्याची वाट न बघता घरचं ताट बघायचं. उलट्या, मधुमेह, दारू यांचीही चौकशी तेव्हाच करायची. दुसरी गोष्ट, एकट्या रुग्णाला दिलेला शिधा एकटा रुग्ण खात नाही. घरात पोरं भुकेली असताना बाप अंडी खात नाही, आई तर नाहीच नाही. म्हणून सल्ला आणि मदत दोन्ही घर धरून हवेत. अंत्योदय कार्ड असेल तर घराला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. कार्डावर दोन नावं कमी असली तर महिन्याला १० किलो धान्य हातचं जातं. नाव चढवून देणं हे म्हणून उपचाराचंच काम आहे.

निक्षय पोषण योजनेत, म्हणजे क्षयरुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेत, १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. आधी ५०० होते. दिवसाला साधारण ३३ रुपये. यात पूर्ण खुराक होत नाही हे मान्य करूनच बोलावं. फळं, दूध, सुका मेवा अशी यादी वाचून दाखवण्यापेक्षा शेंगदाणे, फुटाणे, अंडी आणि रोजच्या वरणात एक मूठ जास्त डाळ, एवढंच सांगितलेलं घरात उतरतं.

हे पैसे अडकतात कुठे, ते जरा बारकाईनं बघू, कारण सर्वात जास्त निराशा इथेच पदरी पडते. योजनेच्या पोर्टलवर ‘पैसे जमा’ दिसतं आणि रुग्ण शपथेवर सांगतो, मिळाले नाहीत. अनेकदा दोघंही खरं बोलत असतात. पैसे आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं पासबुकातलं असेलच असं नाही. मोबाइलचं सिम घेताना किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेच्या शिबिरात आधार आणि अंगठा देऊन कधीतरी दुसरं खातं उघडलेलं असतं. रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघता येते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचं नाव दिसतं. तिथे दुसरीच बँक निघाली, तर पैसे त्या बँकेतून काढायचे किंवा आपल्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. बाकीची कारणं नेहमीचीच: दोन वर्षं व्यवहार नसल्यानं खातं निष्क्रिय झालेलं, आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि पासबुकावर ‘ज्ञानोबा’, किंवा खातं उघडताना क्रमांकातला एक आकडा चुकलेला. निदानाच्या दिवशीच पासबुकाचं पहिलं पान आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षर अन् अक्षर जुळवलं, तर पुढचे तीन महिने वाचतात.

निक्षय मित्रांकडून, म्हणजे क्षयरुग्णाला स्वेच्छेनं मदत करणाऱ्या व्यक्ती-संस्थांकडून, मिळणारी पोषणाची टोपलीही चांगली सोय आहे. मात्र त्यासाठी रुग्णाची संमती लागते आणि ती नाव नोंदवताना नीट समजावून घ्यावी. टोपली देताना गावासमोर फोटो काढू देऊ नये. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीला क्षय आहे हे गावभर झालं, तर ती औषधच सोडून देते. फोटोसाठी आग्रह झाला तर सिस्टरनं रुग्णाच्या बाजूनं उभं राहून नाही म्हणावं.

कोयत्यावर जाणारी गर्भवती

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं तर खाडा (दंड) लागतो. गरोदरपण, बाळंतपण, ताप, काहीही असलं तरी खाडा टळत नाही. तपासणीला न येणारी बाई निष्काळजी आहे असं म्हणण्याआधी हे गणित मांडून बघावं.

इथे खरं काम निघण्याआधीच्या महिन्यात असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात हद्दीतल्या सगळ्या गर्भवतींची यादी काढून कोण जाणार हे विचारायचं. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपण फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, येतंय का ते बघायचं. येत असेल तर तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, हे आताच शोधायचं. हिमोग्लोबिन, लघवी, सोनोग्राफी, धनुर्वाताची लस निघण्याआधी उरकायची. लोहाच्या गोळ्या गर्भारपणात १८० लागतात. महिन्याच्या ३० देऊन पाठवलं तर डिसेंबरात गोळी बंद पडते, म्हणून परत येईपर्यंतच्या सगळ्या मोजून द्याव्यात आणि रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगावं. चहासोबत घेऊ नये. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागवायचं नाही, आधी रुग्णालय.

माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच हाती द्यावं. कारखान्याचं नाव, जवळचं गाव आणि तिचा किंवा नवऱ्याचा मोबाइल नंबर आपल्या रजिस्टरात घ्यावा. मुकादमाचा नंबर घ्यायला हरकत नाही. आजाराची माहिती मात्र त्याला द्यायची नाही, तो तिचा पालक नव्हे. मग तिथल्या आरोग्य सेविकेला एक फोन करावा. या एका फोनमुळे ती बाई तिथल्या यादीत येते. नाहीतर इकडच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ आणि तिकडच्या रजिस्टरात नावच नाही, अशी सहा महिने हरवते. रेशन आधारशी जोडलेलं असेल तर ‘एक देश, एक रेशन कार्ड’नुसार धान्य तिकडच्या दुकानातही उचलता येतं. फडावरच्या अनेक कुटुंबांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्या अपत्यासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज जायच्या आधी भरावा. परत आल्यावर मुदती उलटून गेलेल्या असतात.

फडावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या बायकांना आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. उन्हात राबणं, मोळ्या उचलणं, पाळीत कापड बदलायला जागा नसणं यांतून लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. याच तक्रारींवर कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढण्याचे प्रकार बीड जिल्ह्यात इतके झाले की २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सिस्टरनं इथे स्पष्ट बोलायला हवं: पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांचा इलाज असतो, पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, तिशीत पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. नवऱ्यालाही हेच सांगावं, कारण अनेकदा निर्णय आणि पैसे त्याच्याकडे असतात.

वॉर्डातून घरी सोडताना

डिस्चार्जच्या कागदावर सही होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरची चौकशी भरतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावी: जिना आहे का, स्वयंपाक कोण करतं, संडास किती लांब, इन्सुलिन ठेवायला फ्रिज आहे का. फ्रिज नसेल तर मातीच्या माठाचा उपयोग होतो: कुपी घट्ट बंद केलेल्या डबीत किंवा पिशवीत घालायची आणि माठ सावलीत, हवेशीर ठेवायचा. पाणी आत शिरता कामा नये, हे दाखवून द्यावं. आणि ज्या घरात रात्रीचं जेवण नक्की नाही, त्या घरात इन्सुलिनचा ठरलेला डोस जिवावर बेतू शकतो. ‘जेवण समोर आल्याशिवाय सुई नाही’ हे तर सांगावंच, पण डॉक्टरांना तसं कळवून डोस बदलून घेणं जास्त महत्त्वाचं.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची नोंद भरतीच्या वेळीच व्हायला हवी. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन नातेवाइकांना पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडे पाठवावं. बिल भरल्यावर ते पैसे परत मिळवणं फार जड जातं. योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० लाख आणि ३.६० लाख रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. बाळंतिणीला सरकारी रुग्णालयात जेवण, औषधं आणि घरी सोडायची गाडी मोफत असते. ती मागावी लागू नये, वॉर्डातूनच १०२ ला फोन जावा.

सल्ला डावलून निघून जाणाऱ्या रुग्णाला सहीचा कागद पुढे करण्याआधी ‘घरी कशासाठी जायचंय?’ हे एकदा विचारावं. बरेचदा कारण बारीक आणि सुटणारं असतं: म्हशीला चारा घालायला कुणी नाही, धाकटं मूल शेजारणीकडे आहे, सोबतच्या माणसाकडे जेवायला पैसे नाहीत. कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रातून आई आठव्या दिवशी नेते, तेव्हा बहुधा घरच्या मोठ्या मुलांचा प्रश्न असतो. केंद्रात राहिल्याबद्दल बुडीत मजुरी मिळते हे तिला पहिल्या दिवशी सांगितलेलं असलं आणि घरच्या मुलांकडे आशाताई एक फेरी मारून आली, तर उरलेले दिवस निघतात.

मारहाणीचा संशय असेल तेव्हा नवऱ्याला ‘औषध घेऊन या’ म्हणून खिडकीवर पाठवावं आणि मगच विचारावं. ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला वण असतील तर घरच्या मारहाणीची शक्यता मनात ठेवावी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रानं हे काम रुग्णालयातच, परिचारिकांना शिकवून, करून दाखवलं आहे. ‘घर सोड’ असा सल्ला देऊ नये. आज घरी जाणं सुरक्षित आहे का, एवढं विचारावं, जखमांची नोंद जागा आणि मापासह करावी आणि १८१ हा नंबर तोंडपाठ करून द्यावा. पर्समध्ये चिठ्ठी टाकली आणि ती सापडली, तर मार तिलाच बसतो.

एका घरापलीकडे

रजिस्टर उलटं वाचून बघावं: आजाराप्रमाणे नाही, गल्लीप्रमाणे. जुलैत एका वस्तीतून पाच जण जुलाबाचे आले, तर ओआरएस वाटणं हा अर्धाच उपाय झाला. त्या वस्तीच्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन दाखवणारी तपासणी) करा. रंग पिवळा झाला नाही तर तिथपर्यंत क्लोरीन पोचलेलंच नाही. मग गावच्या पाण्याचं शुद्धीकरण बघणाऱ्या जलसुरक्षकासोबत टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं बघा. उघडं आणि ओलसर जागी पडलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, रोज पावडर टाकूनही उपयोग नाही. टाकी आणि गटाराजवळून जाणारी पाइप याच फेरीत पाहून घ्यावी.

असा निष्कर्ष ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे आकड्यांसह ठेवावा. समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा निधी असतो. रक्कम लहान आहे, तरी पाइपची गळती थांबवायला किंवा पाणी तपासणीच्या साहित्याला पुरते. ‘गावात स्वच्छता नाही’ असं बोललं की सरपंच मान डोलावतात आणि विषय संपतो. ‘१ ते १५ जुलै, खालची वस्ती, जुलाब ५, शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य’ असं लिहून दिलं आणि इतिवृत्तात घालून घेतलं, की पुढच्या सभेत त्यावर उत्तर द्यावं लागतं.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. पदं रिक्त आहेत, अहवाल वाढले आहेत, एका पाळीत एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो. म्हणून सगळ्यांसाठी सगळं करायला जाऊ नये. उपचार चालू असून गुण येत नाही असे आठवड्याला तीन रुग्ण निवडावेत, त्यांच्यासाठीच वही उघडावी आणि प्रत्येकाचं एकच काम धरावं: रेशनचं नाव, खात्याची जोडणी किंवा तपासणीची बदललेली वेळ. दर शुक्रवारी त्या तीन नावांपुढे ‘झालं’ किंवा ‘अडलं, कुठे’ एवढं लिहावं. तेच टेबल वारंवार अडवत असेल, तर सहा-सात नोंदी एकत्र करून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीनं पत्र द्यावं. बदली झाली की वही सोबत न नेता नव्या सिस्टरच्या ताब्यात द्यावी. नावं-आजार असलेली पानं कुलपात, नंबरांची पानं हाताशी, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून बघितलेला असावा.